निळ्या जाकिटातलं मूल

३ फेब्रुवारी

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कंपनीच्या टपालाच्या थैलीतून पोचलं. बोगदा खणणाऱ्या एवढ्या माणसांवर हुकूम चालवणाऱ्या बाईला अजून बबडी म्हणते म्हणून मागच्या वेळी रुसली होतीस, पण या वयात मी नवीन नाव कुठून आणू? तिकडे थंडी फार आहे म्हणतेस, कानाला बांधत जा. तू डोंगराच्या पोटात उतरतेस आणि इथे माझी झोप उडते, पण ते माझं मी बघून घेईन.

आम्ही दोघी मजेत. तुझी लेक भिंगरी तर अशी रुळलीय की सगळी कॉलनी आपल्याच नावावर आहे असं तिला वाटतं. तू इथे घर घेतलंस तेव्हा मी नाक मुरडलं होतं ना? शहराच्या बाहेर, चारी बाजूंनी एकसारख्या इमारती, आपली कुठली ते भिंतीवरच्या रंगाच्या पट्टीवरून ओळखायचं. आता म्हणते, बरं केलंस. सगळं हाताशी आहे. क्लबहाउसच्या तळमजल्यावर तिची बालवाडी, त्याच्या वर वाचनालय, मागे पोहण्याचा तलाव, आणि समोर बाग. बागेत घसरगुंडी, झोके, वाळूचा हौद. म्हाताऱ्यांसाठी बाकांची एक वेगळी रांग केलीय, पण मी तिथे बसत नाही. तिथे गुडघ्यांखेरीज दुसरा विषय निघत नाही.

बागेवर राज्य आहे शिट्टीकाकांचं. हे कुठल्याशा कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना कुणी नेमलेलं नाही, पण गळ्यात शिट्टी घालून रोज संध्याकाळी हजर. कुणी फुलांच्या वाफ्यात पाय टाकला की वाजवली. कुणी घसरगुंडीवर उलटं चढलं की वाजवली. परवा एका कुत्र्यावर वाजवली, तर कुत्रं त्यांच्याकडे बघत जागच्या जागी बसलं. भिंगरी हसून हसून गवतात लोळली.

बालवाडीने यंदा सगळ्या मुलांना टोपी असलेली निळी जाकिटं दिलीत. छान उबदार आहेत. फक्त सगळी मुलं एकजात सारखी दिसतात, म्हणून मी तिच्या टोपीला लाल फीत शिवली. शिवली म्हणजे, सुईत दोरा भिंगरीनेच ओवला. आवड आहे तिला. लिफ्टचं बटण दाबायचं कामही तिचंच, आकड्यांची ओळख पक्की होते.

रात्री गोष्ट सांगते. पुस्तक हातात धरते, पण गोष्ट माझ्या मनची. काल मला म्हणाली, "आजी, या पानावर अस्वल आहे. तुझ्या गोष्टीत बोकड कुठून आला?" मी म्हटलं, अस्वलाचा मित्र आहे तो, पुढच्या पानावर येईल. आली का पंचाईत!

माझं अक्षर मोठं दिसत असेल. पेन जाड मिळालंय. चष्म्याचं विचारलं होतंस. जाईन. क्लबहाउसमध्ये दर महिन्याला डोळ्यांचे डॉक्टर येतात, पण मागच्या खेपेला भिंगरीला सर्दी होती, त्याच्या आधी नेमके पाहुणे. राहून गेलं. घाई तरी काय आहे?

तिच्या बाबांचा शनिवारी फोन येतो. तू त्यांच्याबद्दल विचारत नाहीस, तरी सांगते. "तुम्हाला झेपत नसेल तर आम्ही तिला इकडे नेतो," असं हल्ली दर वेळी म्हणतात. 'आम्ही' म्हणताना मागे नव्या बायकोचा आवाज असतो. मी म्हटलं, अजून हातपाय धड आहेत माझे.

तू निश्चिंत राहा. पोरीवर मी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवते.

तुझी,
आई

१७ फेब्रुवारी

चि. बबडीस आशीर्वाद.

घाईत लिहितेय. रविवारी फोनवर मी फारसं बोलले नाही ते घसा बसला म्हणून. आता बरा आहे.

कॉलनीच्या ग्रुपवर तुला काही दिसलं, कुणाचा फोटो वगैरे, तर मनावर घेऊ नकोस. आज बागेत थोडा गोंधळ झाला. या लोकांना राईचा पर्वत करायची हौस आहे. मुलांच्या जाकिटांमुळे झालं सगळं. सगळ्यांना एकच रंग द्यायची कल्पना ज्या कुणाच्या डोक्यातून निघाली, त्याला काय म्हणावं?

भिंगरी ठीक आहे. जेवली, झोपली. तिच्या पायाला काही लागलेलं नाही, आधीच सांगते.

तिच्या बाबांचा फोन आला तर घेऊ नकोस. म्हणजे घे, पण त्यांनी काही सांगितलं तर आधी मला विचार.

ओळी जरा वाकड्या गेल्यात. थंडीने असेल. बाकी सगळं ठीक. खरंच ठीक.

आई

२३ फेब्रुवारी

चि. बबडी,

वरचं पत्र मी टाकलंच नाही. पाकीट बंद केलं, खाली उतरले, आणि टपालपेटीजवळून परत आले. फाडणार होते, पण मग याच्यासोबतच ठेवलं. तुझी आई किती सफाईने सारवासारव करते ते तुलाही दिसू दे.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण तुझा आवाज कानावर पडला की माझ्या तोंडून आपोआप "सगळं ठीक" निघतं. जिभेला वळणच पडलंय. शिवाय तिकडची रेंज मध्येच तुटते. म्हणून लिहिते. शांतपणे वाच, आणि शेवटपर्यंत वाच. भिंगरी सुखरूप आहे, हे आधी घे.

बालवाडी सुटल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे बागेत गेलो. वारा बोचरा होता, सगळ्या मुलांच्या टोप्या डोक्यावर. भिंगरी वाळूत खेळत होती. मी कडेच्या बाकावर. मी तिला कशी ओळखते ते सांगू? आवाजावरून. तिच्या तोंडाचा पट्टा चालू असतो, त्यामुळे ती कुठे आहे ते मला कळतं. आणि ती लाल फीत. त्या दिवशी फीत खेळताना सुटून पडली होती, हे मला नंतर कळलं. आणि तिचा आवाज थांबला होता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

ऊन कलायला लागलं तशी मी उठले, वाळूजवळ गेले, म्हटलं, "चल गं, घरी जाऊ," आणि हात पुढे केला. एक निळं जाकीट उठलं. हातात हात आला. चिकट, वाळूचा, गरम. बबडी, लहान मुलांचे हात सगळे सारखेच लागतात.

वाटेभर मी बोलत होते. ती गप्प, म्हणून मला वाटलं, रुसलीय. म्हटलं, घरी गेल्यावर शिरा करू, बेदाणे जास्त घालू. हात घट्ट होता माझ्या हातात. आपल्या इमारतीच्या पायऱ्यांशी आलो आणि ते मूल म्हणालं, "माझं घर तिकडे आहे."

आवाज तिचा नव्हता.

मी खाली वाकले. त्याच्या तोंडाकडे अगदी सरळ पाहिलं. निळी टोपी दिसली, कडेकडेने केस दिसले, आणि मध्ये जिथे चेहरा असायला हवा तिथे काही नाही. ओल्या बोटाने शाई पुसावी तसा डाग. मी त्याच्या गालांना हात लावला, चाचपडले. तेवढ्यात मागून शिट्टी वाजली आणि एक बाई किंचाळली.

"सोडा त्याला! कुठे नेताय माझ्या मुलाला?"

ही समोरच्या इमारतीतली दातांची डॉक्टर. धावत आली आणि मुलाला असं ओढलं की मीसुद्धा तोल जाऊन पायरीवर बसले.

मी म्हटलं, "अहो, मला वाटलं माझी नात..."

"नात? मुलगा आहे तो! तुम्हाला मुलगा आणि मुलगी कळत नाही?"

माणसं जमली. कुणीतरी फोन वर धरून फोटो काढला. "हल्ली कुणाचा भरवसा नाही," असं एकजण म्हणाला, माझ्यादेखतच, जणू मी तिथे नव्हतेच. आयुष्यभर पोस्टाच्या खिडकीत बसले, लोकांनी गावाकडे पाठवायच्या वस्तू डोळे झाकून माझ्या हवाली केल्या, आणि इथे चार माणसं माझ्या वाटेत आडवी उभी, मी पळून जाईन म्हणून.

शिट्टीकाका पुढे आले. मला वाटलं, आता हे शिट्टी वाजवतील. ते म्हणाले, "थांबा, यांना मी ओळखतो. रोज येतात या." मग माझ्याकडे वळले आणि अगदी हळू विचारलं, "आजी, मग तुमची नात कुठे आहे?"

बबडी, हे मी तुला सांगणारच नव्हते. त्या क्षणी मी खोटं बोलले. बागेकडे बोट केलं आणि म्हटलं, "ती काय, झोक्यावर."

ते वळून बघत राहिले. मग म्हणाले, "झोक्यावर कुणी नाहीये, आजी."

समोर नुसते निळे ठिपके हलत होते. त्यातला एक माझा असेल, किंवा नसेल. रस्ता असेल, गाडी असेल, तलाव असेल, कुणाचा तरी हात असेल. आणि मी माझी अब्रू वाचवत बसले होते. मग मी ओरडले. एवढ्या मोठ्याने मी तुझे बाबा गेले तेव्हाही ओरडले नव्हते.

"मला दिसत नाही! कुणाचाच चेहरा दिसत नाही मला. तिला शोधा, मी नाही शोधू शकत. शोधा कुणीतरी!"

मग त्या दातांच्या डॉक्टरने काय करावं? आत्ताच जिने मला चोर ठरवलं होतं, तिने आपल्या मुलाचा हात उचलून माझ्या हातात दिला. "याला धरून उभ्या राहा. हलू नका. नाव काय तिचं?" आणि धावत सुटली.

सगळेच पांगले. शिट्टीकाका गेटकडे गेले, बाहेर कुणाला सोडू नका म्हणून वॉचमनला सांगायला. मघाचा तो "कुणाचा भरवसा नाही" म्हणणारा, तोसुद्धा गाड्यांच्या खाली वाकून बघत होता. भिंगरी, भिंगरी, अशा हाका चारी बाजूंनी. मी आणि तो मुलगा पायरीवर. त्याने विचारलं, "आजी, तुम्ही रडताय?" मी म्हटलं, नाही रे. तो म्हणाला, "मग माझा हात दुखतोय, हळू धरा."

किती वेळ गेला ते मला विचारू नकोस. मागच्या बाजूने तलावाच्या पंपाचा आवाज येत होता. तो आवाज मला त्याआधी कधीच ऐकू आला नव्हता.

ती तिथेच सापडली. साफसफाईवाल्याने कुंपणाचं फाटक उघडं टाकलं होतं. मुलांच्या उथळ तलावाच्या काठावर बसली होती, बूट मोजे काढून नीट बाजूला ठेवलेले, पाय पाण्यात. मोठा तलाव तिच्या पाठीमागे, दोन हातांवर. डॉक्टरने तिला कडेवर घेऊन आणलं. पाय बर्फासारखे गार पडले होते. मी ते पदरात धरले. ती मला बिलगेना. अंग ताठ करून बसली.

"तू दुसरं बाळ घेतलंस," म्हणाली.

"मला वाटलं तूच आहेस गं."

"मी घसरगुंडीच्या मागे लपले होते. तू मला शोधायचं होतं. तू माझ्याकडे बघितलंस. मग त्याला घेऊन गेलीस."

मी तिच्याकडे पाहिलं होतं, बबडी. पाहिलं आणि पुढे गेले. पोरीला वाटलं, आजीने निवड केली.

तिथेच सगळ्यांसमोर तिला सांगितलं, की आजीचे डोळे बिघडलेत. आजीला तू दिसली नाहीस, तू नकोशी झालीस असं नाही. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "मला माहितीये. तू पुस्तक उलटं धरतेस." आणि मग माझ्या खांद्यात तोंड खुपसून जी रडायला लागली, ती घरी येईपर्यंत.

त्या रात्री डॉक्टर आमच्याकडे आली. मी दार उघडायला घाबरत होते. ती म्हणाली, "मी ओरडले त्याबद्दल माफी मागायला आले नाही, कोणतीही आई ओरडली असती. मी विचारायला आले, की तुमचे डोळे शेवटचे कुणी तपासले?" फटकळ आहे, पण मला आवडली. ग्रुपवर माझा पाठमोरा फोटो फिरत होता, 'अनोळखी बाई, सावध राहा' म्हणून. तिने त्याच्याखाली लिहिलं, या आमच्या कॉलनीतल्या आजी आहेत, मूल माझं आहे, माझी तक्रार नाही, फोटो काढून टाका. काढला.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या गाडीतून मला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग खराब होत चाललाय. डावा जास्त, उजवा कमी. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते टिकावं म्हणून दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. पहिलं घेतलं. वाटतं तेवढं दुखत नाही, मी उगाच दवाखाना डोक्यावर घेतला. "आधी का नाही आलात?" असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं. त्यांना म्हटलं, पाहुणे होते.

खरं कारण तुला सांगते. तू निघालीस त्या सकाळी मी तुझ्याकडे बघत होते आणि तुझं नाक दिसत नव्हतं. डोळे भरून आले असतील असं मानलं. पुसले, तरी दिसेना. तेव्हाच बोलले असते तर तू बॅग उचलून परत घरात आली असतीस. एवढा मोठा बोगदा पहिल्यांदा एका बाईच्या हाती दिला होता, आणि तो तू माझ्यापायी सोडला असतास. नंतर मग रोज एकेक दिवस ढकलत गेले. शिवाय भीती होती. भिंगरी माझ्याकडून काढून घेतली, तर मी या घरात कशासाठी राहायचं?

आता इथली व्यवस्था ऐक. भिंगरीला घेऊन मी एकटी बाहेर पडणार नाही. हे मी स्वतः बालवाडीत जाऊन सांगून आले, तिला माझ्या एकटीच्या ताब्यात द्यायचं नाही. त्यांच्या वहीत तसं लिहूनही घ्यायला लावलं. बालवाडी सुटली की ती क्लबहाउसच्या पाळणाघरात थांबते. डॉक्टर आपल्या मुलाबरोबर भिंगरीलाही सकाळी नेते, संध्याकाळी आणते. घरात मात्र आम्ही दोघी आहोत तशाच. शिरा मी करते, गॅस बंद झाला का ते ती बघते. तलावाच्या फाटकाला आपोआप लागणारी कडी बसवली, त्यासाठी शिट्टीकाका दोन दिवस समितीच्या मागे हात धुऊन लागले होते.

आणि तिच्या बाबांना मीच फोन केला. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी. मला वाटलं, आता म्हणतील, बघा, मी म्हणत नव्हतो? त्यांनी आधी भिंगरी कशी आहे ते विचारलं. मग म्हणाले, "मी येऊ का तिकडे? राहायला नाही, तिला भेटायला." मी म्हटलं, तिच्या आईला विचारा. मध्ये मी पडणार नाही. हो म्हणायचं की नाही ते तुझं तू ठरव, पण त्या वेळी त्यांचा आवाज मला खोटा वाटला नाही, एवढं सांगून ठेवते.

तू परत यावंस असं मी लिहीत नाही. येऊ नकोस असंही लिहीत नाही. तू भिंगरीची आई आहेस आणि माझ्याजवळ तिला ठेवून गेलीस ती माझ्या शब्दावर. तो शब्द मी पाळू शकले नाही, हे तुला कळलंच पाहिजे. रागावायचं असेल तर पोटभर रागाव. फक्त माझी दया येऊन काही ठरवू नकोस, आणि दूर बसून जिवाला घोर लावून घेऊ नकोस. खाली बोगद्यात असताना डोकं ठिकाणावर हवं.

रविवारी फोन केलास की "कशी आहेस" असं विचारू नकोस. "आज काय काय दिसलं" असं विचार. त्याचं उत्तर मला खरं द्यावं लागेल.

एक गोष्ट दवाखान्यात शिकवलीय. मधला डाग टाळायचा तर समोरच्या माणसाच्या जरा बाजूला बघायचं, म्हणजे तो कडेने दिसतो. मी भिंगरीवर करून बघितलं. तिच्या कानाच्या पलीकडे भिंतीकडे नजर ठेवली आणि तिचे गाल दिसले, पुढच्या दातांमधली फटसुद्धा. तिला मजा वाटली. तू येशील तेव्हा दारात मी तुझ्या खांद्यावरून पलीकडे बघताना दिसेन. कुणी तुझ्याबरोबर आलंय का म्हणून वळून बघू नकोस. त्या वेळी मी तुलाच बघत असेन.

तुझी,
आई